कॅप्टनला भावपूर्ण श्रद्धांजली

ऋतुराजने स्वतःच्याच श्रद्धांजलीचा फ्लेक्स वाचला, तेव्हा त्याच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात साताऱ्याला बस थांबली तेव्हा वडिलांसाठी, आण्णांसाठी घेतलेला कंदी पेढ्यांचा पुडा. पेठेच्या चौकातला तो भला मोठा फ्लेक्स. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये जोतिबाच्या यात्रेतला, फेटा बांधलेला त्याचा हसरा फोटो आणि खाली 'शोकाकुल' म्हणून तालमीतल्या यच्चयावत पोरांचे चेहरे, निम्म्यांना काळे गॉगल.

कोल्हापुरात फ्लेक्सला कारण लागत नाही. म्हशीचा वाढदिवस असो, नाहीतर कुणाचं कार्टं दहावीला काठावर पास होवो, चौक सजलाच पाहिजे. पण जित्याजागत्या माणसाला श्रद्धांजली म्हणजे जरा अतीच झालं.

कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या अंबूबाईने त्याला पाहिलं आणि हातातली मेथीची जुडी त्याच्या पाठीत हाणली.

"मुडद्या, जिता हाईस व्हय! सकाळपास्नं रडून रडून डोळं सुजलं की माझं!"

तेवढ्यात तालमीतला गुंडू धावत आला. शाळेपासूनचा दोस्त, आता मंडळाचा अध्यक्ष.

"भावा, चूक झाली. काल तुझ्या मालिकेचा शेवटचा भाग बघितला आणि आख्खी तालीम ढसाढसा रडली. एवढा मोठा माणूस गेला, त्याला असाच सोडायचा? रातोरात फ्लेक्स छापला. पर समद्या फोटोत हेल्मेट! तोंडच दिसंना. मग तुझा जत्रंतला लावला."

"आणि नाव?"

"लिवलंय की. कॅप्टन निरंजन."

लिहिलं होतं खरं. एका शोकाकुलाच्या डोक्याआड निम्मं दडलेलं. ऋतुराजला हसू आवरेना.

'परतीची कक्षा' ही अंतराळमोहिमेवरची वेबमालिका, आणि ऋतुराज तिचा नायक. सगळ्या सोबत्यांना पृथ्वीकडे पाठवून एकटा मागे राहिलेला, यानातली हवा संपत आलेली असताना आईला रेडिओवर "जेवलो गं" म्हणून सांगणारा कॅप्टन. मुंबईतल्या जाणकारांनी त्याच्या कामाला 'हेल्मेटात कोंडलेला दगड' म्हटलं होतं. आण्णांशी तर आधीच बोली झाली होती: ही शेवटची संधी, नाव नाही झालं तर शिरोलीला आपल्या लोखंड ओतायच्या फाउंड्रीत यायचं. त्या बॅगेत ऋतुराजने मुंबईचा सगळा बाडबिस्तरा भरून आणला होता.

"आण्णांनी बघितला फ्लेक्स?"

गुंडूने मान खाली घातली.

"शिरोलीला निघालते. हितंच गाडी टाकून मटकन खाली बसलं. नुस्तं रडत हुतं, बोलाय यीना त्यांना. तुझा फोन बंद. आई कुरुंदवाडला माहेरी हाईत म्हणून बरं, न्हायतर काय खरं न्हवतं. आम्ही शपथा घातल्या, आण्णा, मालिकेतला मेलाय, खरा न्हाय! शेवटी तालमीत नेलं आणि तो भागच दावला."

बसमध्ये फोनची बॅटरी संपली होती, या एवढ्याशा गोष्टीसाठी ऋतुराजने स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि तालमीकडे पळाला.

आण्णा टीव्हीसमोर खुर्चीत बसले होते. ऋतुराजला पाहून उठले. त्याचे खांदे दाबले, गालावरून हात फिरवला. भट्टीसमोर उभं राहून राहून तो हात पार खरबरीत झालेला.

"जेवलास?"

"जेवलो, आण्णा."

"खोटं बोलू नगंस. कॅप्टनबी असंच म्हणत हुता." आण्णांनी नाक पुसलं. "ऐक. पोरांनी सांगितलं, तू जिता हाईस. मला पटलं. मग तुझं काम बघितलं. तोंड न्हाय, काय न्हाय, नुस्तं डोळं दिसत हुतं. आणि पटल्यालं असूनबी मी रडलो."

ज्या माणसाने आजवर ऋतुराजचं एकही नाटक पाहिलं नव्हतं, तो त्याच्यासाठी दोनदा रडला होता. आणि त्यातलं दुसरं रडणं त्याने स्वतः कमावलं होतं. त्या चुकलेल्या फ्लेक्सवरच्या एकेका गॉगलवाल्याला मिठी मारावी, असं त्याला वाटलं.

"उद्या सकाळी शिरोलीला निघू, आण्णा. ठरलंय तसं," तो कसाबसा म्हणाला.

"फाउंड्रीत पाय ठेवलास तर तंगडं मोडीन," आण्णा गरजले. "परत मुंबईला जायचं. आदी जेवायचं, मग जायचं."

दारात गुंडू शिडी घेऊन उभा होता.

"आण्णा, फ्लेक्स उतरवतो. माफ करा आमाला."

"माफी कसली मागतोस? तुमच्यामुळं तर बघितलं मी." आण्णांनी ऋतुराजच्या हातातला पेढ्यांचा पुडा घेऊन फोडला आणि पहिला पेढा गुंडूच्या हातावर ठेवला. "उतरव. पर फोटो नीट कापून मला दे. फाउंड्रीत लावायचाय."

"कशाला, आण्णा?" ऋतुराजने विचारलं.

"तू तर येणार न्हाईस," आण्णा म्हणाले. "फोटो तरी येऊ दे."