फक्त पुढे जाणारी गाडी

गेले काही महिने कप्तान आपली गाडी चढाला तोंड करूनच लावत होते. त्यामागचं कारण त्यांच्या बायकोखेरीज कोणालाही ठाऊक नव्हतं.

कप्तान म्हणजे काही जहाजावरचे नव्हेत. उभा जन्म त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवली. धुक्यात, वादळात गाडी अशी हाकायचे की मागे माणसं घोरत पडलेली असायची. कुणा प्रवाशाने कौतुकाने हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की खरं नाव आता बायकोलाही आठवून सांगावं लागे. मग एकदा डाव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं परत आलं, हात परत आला, डावा पाय मात्र अर्ध्या वाटेतच थांबला. ओढत ओढत चालायचा, पण क्लच दाबण्याइतका जोर त्यात उरला नव्हता.

तेव्हा लेकीनेच ही गाडी शोधून आणली. उंच, राखाडी, चार हातांतून फिरून आलेली जुनी एसयूव्ही. ऑटोमॅटिक. तिला क्लचच नव्हता. एक दांडी ओढायची आणि उजवा पाय चालवायचा, बाकीचं तिचं ती बघणार.

"ही कसली गाडी? हा तर पाळणा झाला," कप्तानांनी नाक मुरडलं होतं. "आपण बसायचं आणि हिने झुलवायचं!"

पण पहिल्याच दिवशी ते एकटे तळ्यापर्यंत जाऊन आले. परत आले तेव्हा चेहरा असा होता, की गाडी कशी आहे हे बायकोने विचारलंच नाही. चहा टाकला आणि त्यांच्या पाठीवरून नुसता हात फिरवला.

त्या गाडीचा मागे जायचा गिअर आता गेला होता. एकदम गेला नाही. आधी ती विचार करू लागली. दांडी मागच्या गिअरला ओढली की क्षणभर गप्प बसायची आणि मग नाइलाजाने सरकायची. पुढे पुढे तो विचार लांबत गेला आणि एके दिवशी संपलाच नाही. इंजिन गुरगुरतंय, गाडी जागची हलत नाही.

"लेकीला सांगायचं का?" बायकोने विचारलं होतं.

"तिला सांगितलं की संपलंच."

ते खरं होतं. लेक मायेची, पण हिशेबाला पक्की. तिने बजावून ठेवलं होतं, "बाबा, गाडी आता म्हातारी झाली. पुन्हा बिघडली तर सरळ मोडीत घालायची. जायचं असेल तिथे मी नेईन ना तुम्हाला." तिने प्रेमानेच म्हटलं होतं. कप्तानांना मात्र त्यातून एकच चित्र दिसलं: मागच्या सीटवर बसून, दुसऱ्याच्या मानेकडे बघत उरलेलं आयुष्य काढायचं. एका पायाने चालवता येईल अशी दुसरी गाडी घेणं आता कोणाच्याच आवाक्यात नव्हतं.

म्हणून मग दोघांनी संगनमत केलं. गाडी लावायची ती चढावर, नाक वर करून. निघताना दांडी न्यूट्रलला टाकायची, ब्रेक हलका सोडायचा, की गाडी आपसूक मागे ओघळते. बघणाऱ्याला वाटावं, काय सफाईने मागे घेतली! आणि रस्ते निवडायचे ते असे, की वळून परत यायची वेळच येऊ नये.

बायको पडदे शिवायची. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, शिवून झाले की नेऊन टांगायची. कप्तान तिला न्यायचे. पूर्वी ज्या घरी सरळ जाऊन सरळ परत येत, तिथून आता पुढच्या पुढे निघावं लागे. कुठल्या तरी अनोळखी गल्लीतून, मग कालव्याच्या काठाने, मग बंद पडलेल्या गिरणीच्या मागून मोठा वळसा घालून घर. त्या वळशांनी त्यांना किती काय दाखवलं! एका गल्लीत सगळ्या दारांना निळा रंग होता. एका ठिकाणी गच्चीवर कोणीतरी रोज सनई शिकत असे आणि रोज त्याच सुरावर अडखळत असे. मागे जाता येत नाही म्हटल्यावर गाव मोठं झालं होतं. इतकी वर्षं ज्यात राहिलो त्याच गावात आपण पाहुणे आहोत, असं दोघांना वाटायचं.

"लग्नानंतर तरी कुठे एवढं फिरवलंत," बायको म्हणायची.

"तेव्हा रिव्हर्स होता," कप्तान म्हणायचे.

पहाटेच्या झोपेत कप्तानांना बस दिसायची. सगळे प्रवासी झोपलेले, काचांवर दव, समोर दुधासारखं धुकं. गिअर बदलायला ते डावा पाय उचलायचे आणि पाय उचलला जायचा, पिसासारखा. जाग आली की काही क्षण तो पाय खरोखरच हलका वाटे. मग हळूहळू त्यात वजन उतरायचं, आणि ते उठून गाडीकडे जायचे.

काळजी घ्यायला ते चुकत नव्हते. आठवड्यातून एकदा, गाडी सुरू करण्याआधी, थंड इंजिनात गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी बाहेर काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा बुडवून बघायची. बसच्या इंजिनाला जन्मभर असंच केलं होतं. पट्टीवर तेल दर वेळी खुणेपर्यंत असे, कधी कधी थोडं वरच.

"बघ," ते बायकोला दाखवायचे, "पोट भरलेलं आहे. मग ही दमते कशाला?"

"वयाने दमत असेल."

"वय काढू नकोस. ऐकते ती."

पण दमणं वाढत चाललं होतं. चढावर इंजिनाचा आवाज वर जायचा आणि गाडी मात्र मागे राहायची, जशी झोपेत धावणाऱ्या माणसाची पावलं पडत नाहीत. कप्तान ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करायचे, हलकेच पुन्हा द्यायचे, तिला गोंजारून गोंजारून वर चढवायचे. बायको खिडकीबाहेर बघत बसायची.

आणि मग लेक राहायला आली असताना एका सकाळी तिघं तळ्यापलीकडच्या एका घरी पडदे द्यायला निघाले. धुकं असं दाट, की तळं कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. पुढे बायको, मागे लेक, तिच्या मांडीवर पडद्यांचं गाठोडं. काठाचा रस्ता अरुंद, एका बाजूला दगडी भिंत, दुसरीकडे पाणी. गाडी ढगातून चालल्यासारखी चालली होती आणि कप्तान मनातल्या मनात बसमध्ये होते.

धुक्यातून एकाएकी एक फळी पुढे आली. रस्ता खणलेला. पलीकडे चर, त्यात पाइप, वर चार कामगार शेकत बसलेले.

कप्तानांनी ब्रेक दाबला. रस्ता अगदी सपाट होता. चढ नाही, उतार नाही.

"घ्या मागे," लेक म्हणाली.

कप्तानांनी वायपर एकदा उगाच फिरवला.

"बाबा, रिव्हर्स टाका ना."

"अगं, धुकं किती छान पडलंय," आई म्हणाली. "जरा बघू की."

"आई, धुक्यात बघायचं काय?"

कप्तानांनी दांडी मागच्या गिअरला ओढली. इंजिन गुरगुरलं. गाडी गप्प. लेकीने आरशातून बापाकडे पाहिलं, मग आईच्या खाली गेलेल्या मानेकडे, आणि तिला सगळं कळलं.

"किती दिवस झाले?"

"झाले थोडे," आई म्हणाली.

"म्हणून त्या दिवशी भाजी आणायला गिरणीवरून नेलंत मला? आणि मी म्हणतेय, बाबांना फिरायची हौस आली!"

कामगार उठून आले. सगळ्यांनी मिळून गाडी मागे लोटली. लेकीनेही बॉनेटला खांदा लावला. एक जण हसत म्हणाला, "काका, एवढं मोठं धूड, आणि हातगाडीसारखं ढकलायला लावता होय?" रुंद जागा आल्यावर, ते ढकलत असतानाच, कप्तानांनी स्टेअरिंग फिरवून कशीबशी गाडी वळवली, दांडी पुढच्या गिअरला टाकली आणि पाय दिला. आवाज चढला, चढतच गेला. गाडी हलली नाही. आता पुढेही जात नव्हती.

लेक येऊन खिडकीशी उभी राहिली. केसांवर धुक्याचे थेंब होते. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, "आता बास, बाबा."

कप्तानांचा हात दांडीवरच होता. "मोडीत घालायच्या आधी एकदा गिअरबॉक्सच्या मिस्त्रीला दाखवू," ते म्हणाले. "तो नाही म्हणाला तर मी चावी तुझ्या हातात देतो. पुन्हा नाव काढणार नाही."

"एकदाच," लेक म्हणाली.

मिस्त्रीच्या शेडमध्ये छपराच्या पिवळ्या पत्र्यातून उजेड गाळून येत होता. फळ्यांवर उघडलेले गिअरबॉक्स मांडलेले, आत चकत्यांवर चकत्या, पाकळ्यांसारख्या. मिस्त्री जाडजूड, डोळ्यांवर झोप असलेला माणूस. ओढून आणलेल्या गाडीभोवती तो एकदा फिरला.

"तेल कधी बघितलंत?"

"परवाच. दर आठवड्याला बघतो." कप्तान ताठ झाले. लंगडत पुढे गेले, पट्टी काढली, पुसली, बुडवली आणि समोर धरली. "हे बघ. खुणेच्या वर."

"हं. आता सुरू करा गाडी. गरम होऊ द्या."

"सुरू करून बघायचं?"

"बसा तर खरं, काका."

कप्तान बसले. इंजिन बराच वेळ चालू राहिलं. मिस्त्रीने सांगितलं तसं त्यांनी ब्रेकवर पाय ठेवून दांडी एकेका गिअरवरून सावकाश फिरवून आणली. मग मिस्त्रीने चालू इंजिनातच पट्टी ओढली आणि काचेजवळ आणून दाखवली. टोकाला तेलाचा एक थेंब. बाकी पट्टी कोरडी ठणठणीत.

"बंद गाडीत तेल सगळं घरी येऊन बसलेलं असतं," मिस्त्री म्हणाला. "घर भरलेलं दिसणारच. सुरू झाली की ते कामावर जातं, गिअरबॉक्सभर पसरतं. पुरतंय की नाही ते तेव्हाच बघायचं."

तो गाडीखाली शिरला आणि आतूनच त्याचा आवाज आला. "थंड व्हायला तेल रेडिएटरकडे जातं ना, तो पाइप पाझरतोय. कधीपासूनचा दिसतो. खाली डाग पडला असेल की जमिनीवर. बघितला नाहीत?"

कप्तान बायकोकडे बघू लागले, बायको कप्तानांकडे. गाडी कायम चढावर. थेंब पडायचे ते ओघळून मागे गवतात जात. दुखणं लपवायला शोधलेल्या जागेनेच दुखण्याचं मूळ लपवून ठेवलं होतं.

बायकोला आधी हसू आलं. "मी कोरं कापड कधी मापून कापते का हो? आधी भिजवते, आटू देते, मग माप. एवढी वर्षं शेजारी बसून बघताय, आणि गाडीचं माप कोरंच घेत बसलात!"

"बसला असंच बघायचो," कप्तान पुटपुटले.

"ही बस नाही. पाळणा आहे, तुम्हीच म्हणाला होतात."

लेक मात्र हसली नाही. "म्हणजे होईल नीट?" तिने मिस्त्रीला विचारलं.

मिस्त्रीने बोटावरचा थेंब हुंगला. "करपलंय थोडं. पण जळालेलं नाही. पाइप बदलतो, गाळणी बदलतो, तेल नवं घालतो. काय परत येईल ते येईल. सगळं येईलच असा शब्द देत नाही."

गाडी दोन दिवस मिस्त्रीकडेच होती, त्या दोन दिवसांत कप्तानांना स्वप्न पडलं नाही. ते अंगणात खुर्ची टाकून चढावरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहायचे. तिथलं गवत काळसर, चिकट झालेलं होतं, आता दिसत होतं. लेक येऊन शेजारी बसली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू गाडी काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "सांगितलं असतंत तर मिस्त्री आधी आला असता, एवढं तरी खरं ना?"

कप्तानांनी मान हलवली. दुसरं काय करणार!

तिसऱ्या दिवशी तिघंही शेडमध्ये गेली. मिस्त्रीने मुद्दाम गाडी सपाट जागी, भिंतीला नाक लावून उभी केली होती. कप्तान बसले. ब्रेक दाबून दांडी मागच्या गिअरला ओढली.

गाडी विचार करू लागली. शेडमधला पिवळा उजेड थांबून राहिल्यासारखा वाटला. बायकोने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. मग कुठूनतरी खोलातून एक हलकासा धक्का आला, झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसा. कप्तानांनी ब्रेक सोडला आणि भिंत त्यांच्यापासून लांब लांब जाऊ लागली.

लेकीने पुढे होऊन खिडकीत हात घातला. कप्तानांना वाटलं, चावी मागते आहे. तिने नुसता त्यांचा खांदा दाबला. "पुन्हा लपवलंत तर मात्र बघा," ती म्हणाली आणि मागे जाऊन बसली.

सगळं परत आलं नाही. तिसरा गिअर अजूनही दम खाऊन पडतो. पण गाडी आता सपाट अंगणात उभी असते आणि कप्तान अजूनही गिरणीवरून वळसा घालून घरी येतात. सनईवाला तो सूर पार करून पुढे गेला आहे.

तेल बघायला आता दोघं लागतात. पाय ओढत गाडीतून उतरून बॉनेटपर्यंत जायला कप्तानांना वेळ लागतो, म्हणून बायको स्टेअरिंगवर बसते, ब्रेकवर पाय ठेवते आणि ते सांगतील तशी दांडी फिरवून पुन्हा पार्किंगला आणते. ते पट्टी काढतात.

"तुम्ही समोर उभे आणि गाडी माझ्या पायाखाली," ती पहिल्यांदा म्हणाली होती. "आज जरा जपून बोला माझ्याशी."

एका सकाळी, धुकं उतरत असताना, पट्टी पुसून बॉनेट बंद केलं तरी ती उठली नाही.

"ही दांडी मागे ओढली की झालं ना?"

कप्तान तिच्याकडे बघत राहिले. मग गाडीला वळसा घालून, पाय ओढत, दुसऱ्या बाजूच्या सीटवर चढले. तिथे ते कधी बसलेच नव्हते. तिथून काच वेगळी दिसत होती, तळ्याकडचं आभाळ जास्त दिसत होतं.

"सावकाश," ते म्हणाले. "ती आधी थोडा विचार करते. करू दे तिला."

गाडी कुंपणाच्या दिशेने हळू हळू मागे निघाली. कप्तानांचा उजवा पाय तिथे नसलेला ब्रेक घट्ट दाबून होता. डावा मात्र धुक्यात, पिसासारखा हलका, सैल पडून राहिला होता.