बिनगिरकीची सुरी

ऐका, बावीस दिवस झाले होते अन् जयमालाची एक सुरी म्हणून ओंडक्यात रुतत नव्हती. ठक् करून आपटे अन् खाली पडे. रोज पाचही.

सुऱ्या बाजारातल्या नाई बरं. टेम्पोच्या जुन्या कमानपाट्याच्या, दुसरबीडच्या लोहाराकून तिनं घडवून घेतलेल्या. वीतभर लांब, धार नाई, नुसतं टोक. लोहार म्हणे, "पोरी, धार नाई तं कापशीन काय?" ती म्हणे, "कापायच्या नाई, फेकायच्या हायेत." त्यानं वर पाह्यलंच नाई, घण मारत राह्यला.

आता फेकायच्या तं कशा, तं बिनगिरकीच्या. गिरकी घेत जाणारी सुरी असली की पावलं मोजा लागतात. अर्धं पाऊल चुकलं की टोकाच्या जागी मूठ आपटते. बिनगिरकीची कुठूनबी फेका, टोकानंच जाते. हे तिनं मोबाईलवर पाह्यलं अन् तवापासून दुसरं काही सुचेना.

तिचा बाप जालन्याले ट्रान्सपोर्टात, महिन्यातून दोनदा घरी. घरात शब्द चाले महादेवरावाचा, म्हणजे तिच्या मोठ्या बाबाचा, बापाच्या थोरल्या भावाचा. ते एक दिवस आंगणात येऊन उभे राह्यले.

"हे काय लावलं वं? कॉलेजची पोरगी अन् सुऱ्या फेकून राह्यली."

"शिकून राह्यली, मोठे बाबा."

"कायले?"

"येत नाई म्हणून."

असं उत्तर त्याईले कोणी देत नसे. मंग ते म्हणे, "दसऱ्यापावतो पाह्यतो. पूजेच्या पाटावर कामाचंच हत्यार बसते. पाचातल्या तीन रुतल्या तं तुया सुऱ्या पाटावर. नाई तं लोहाराकून खुरपे करून आणतो. निंदाले तरी कामी येतीन."

"अन् रुतल्या तं मंग कोणी बंद कर म्हणायचं नाई."

"हाव," ते हासत म्हणे. त्याईले वाटलं, पोरगी काय रोवते.

अन् खरं सांगू, वाटण्यासारखंच होतं. जयमालाचा हात गोफणीचा. ज्वारीवरचे पाखरं उडवाले तिच्यासारखी गोफण गावात कोणाची नाई. तेच आडवं आलं. मोबाईलवरच्या माणसासारखा मांगचा पाय ती दाबे, कंबर फिरवे, खांदा आणे, कोपर पुढं घे, सगळं बरोबर. अन् सुरी सुटाच्या टायमाले मनगट गोफणीसारखं झटके. संपलं. सुरी हवेत गरकन फिरे.

मोठ्या बाबाचा पोरगा कुलदीप व्हिडिओ काढाले बसे. "जयू, ओंडका जिवंत हाय अजून," म्हणे. "त्याले पाणी घालू का?"

"तू गप राह्य, मनगट दाखव मले."

"मनगटच तं दाखवून राह्यलो. मनगटाशिवाय काही दिसूनच नाई राह्यलं."

दसरा चार दिवसावर आला. तिची माय शालूबाई गोठ्याची भिंत लिपत होती. मांगून ठक्, ठक्, ठक् चालूच. शेवटी शालूबाई वैतागली.

"सुरी ठेव अन् इकडं ये."

"माय, मले वेळ नाई."

"ये म्हणते नं." अन् तिनं शेणमातीचा गोळा पोरीच्या हातावर ठेवला. "लीप."

जयमालानं रागारागानं दोन हात मारले. भिंतीवर नुसते थापे.

"मनगट काऊन हालवतं? पाणी शिंपून राह्यली का? हात वरून खाली ओढ. कोपर पुढं. आंगाचं वजन टाक. बोटं शेवटलोक भिंतीवरून उचलू नको."

अर्धी भिंत झाली तवा खांदा पेटला होता. अन् जयमाला थबकली. भिंतीवर तिच्या पहिल्या बोटाची रेघ होती, वरून खाली, लांब, सरळ. कुठंच वळली नव्हती.

ती तशीच पळाली. शेणाच्या हातानं सुरी धरली, टोक वर, पहिलं बोट पाठीवर. समोर भिंत हाय असं समजली. पाय, कंबर, खांदा, कोपर, अन् मनगट जागच्या जागी. हात खाली ओढला. बोट सुरीच्या पाठीवरून मुठीलोक घसरत गेलं अन् सगळ्यात शेवटी सुटलं.

टच्.

वाकडीच होती, पण रुतलेली होती. पुढच्या दोन पडल्या, तरी आता तिले कळलं होतं. चार दिवसात तिनं गोठा लिपला, अन् शेजारच्या तानाबाईचाबी लिपून देल्ला. तानाबाई म्हणे, "पोरीले काय झालं वं?" शालूबाई म्हणे, "होऊ दे."

दसऱ्याच्या सकाळी पाट मांडला होता. विळा, कुऱ्हाड, कोयता, ट्रॅक्टरचा पाना. कुलदीपनं राखेची रेघ ओढली, ओंडक्यापासून चार पावलावर. महादेवरावानं ती पायानं पुसली. "चारावरून कोणीबी फेकीन. पाच कर."

जयमालाचं तोंड उतरलं. तवा मांगून आवाज आला. शालूबाई बावीस वर्षात या भासऱ्यापुढं, नवऱ्याच्या थोरल्या भावापुढं, बोलली नव्हती. आजबी त्याईच्याकडं पाह्यलं नाई, डोक्यावरचा पदर पुढं ओढला अन् पोरीले म्हणे, "जयू, तुया सुरीले गिरकी नाई नं? मंग पाऊल मांगं गेलं तं काय बिघडते?"

जयमाला एक पाऊल मांगं सरकली.

पहिली रुतली. दुसरी रुतली. आनंदाच्या भरात तिसरीले मनगट झटकलं, पडली. ते निस्तरता निस्तरता चौथी पडली. महादेवराव म्हणे, "खुरपे चांगले होतीन."

जयमालानं ओंडक्याकडं पाह्यलंच नाई. गोठ्याच्या भिंतीजवळ गेली अन् वाळलेल्या लिपणावरून हात एकदा वरून खाली ओढला.

"आता भिंतीच्या पाया पडून राह्यली," कुलदीप म्हणे, पण हळूच.

ती परत आली अन् फेकली. पाचवी मधोमध रुतली, सरळ, भिंतीवरच्या रेघेसारखी.

महादेवरावानं घसा खाकरला. "बरं. ठेव पाटावर. पण उद्यापासून हे गोठ्याच्या मांगं. रस्त्यावरून लोकं पाह्यतात."

"ठरलं तेवढंच ठरलं, मोठे बाबा."

तिनं पाचही सुऱ्या पुसल्या, पान्याच्या बाजूले मांडल्या अन् स्वतःच कुंकू लावलं. मंग आंगणात येऊन ओंडका आडवा पाडला अन् फाटकाकडं लोटाले लागली. जड होता, हालेना. शालूबाईनं पदर खोचला अन् दुसऱ्या बाजूनं हात लावला.

"अरे, कुठं नेऊन राह्यल्या?" महादेवराव म्हणे.

"रस्त्याच्या बाजूले," जयमाला म्हणे. "आज पूजेतलं हत्यार हालवायचं नसते. ओंडक्याचं कोणी काही सांगितलं नाई."