खिशातली कात्री

१०२.०

वजन कमी करणाऱ्यांच्या गटात पहिल्या गुरुवारी सात जण होते. शिंपी सातवा. दवाखान्याच्या नर्सने त्याला काट्यावर उभं केलं, "मास्तर, कसे आहात?" असं विचारलं आणि उत्तरासाठी थांबली. बायको गेल्यापासून दोन वर्षांत उत्तरासाठी कोणी थांबलं नव्हतं. गिऱ्हाइकं फक्त "कधी मिळेल?" विचारायची.

१००.३

शेजारच्या खुर्चीतला बेकरीवाला कुजबुजला, "काय मास्तर, कापून काढलंत की काय?"

शिंपी हसला. दुकानात परतल्यावर आरशासमोर पुन्हा एकदा हसून पाहिलं.

९८.९

नर्स म्हणाली, "सुरुवातीलाच ज्यांचं चांगलं उतरतं, त्यांचं पुढेही बहुधा टिकतं. महिन्यात चार किलो उतरले की गुरुवार बंद. एकदम सहा महिन्यांनी यायचं."

"आणि ज्यांचं नाही उतरत?"

"ते माझ्या मानगुटीवर!" तिने बेकरीवाल्याकडे पाहिलं.

"मी कुठे जातोय?" बेकरीवाला.

(मधला आठवडा. मुद्दाम चार घास जास्त खायचं ठरवलं. एकट्याला दुसरा घासही घशाखाली उतरेना. मग पँटला आतून खोल खिसा शिवला. दुहेरी टीप.)

९८.६

खिशात मोठी कात्री आणि कापड दाबायचं लोखंडी वजन. आकडा स्थिर झाला. नर्सने पेन टेकवलं, तोच पँट सरसर घोट्यांपर्यंत खाली.

जगाच्या कमरा मोजणाऱ्याने महिनाभर स्वतःच्या कमरेला फीत लावली नव्हती.

गट खदखदून हसला. बेकरीवाला हसला नाही. त्याने पुढे होऊन पँट वर ओढून दिली.

"मास्तर, खिशात काय आहे?" नर्सने विचारलं.

९७.४

"छान उतरलंय," नर्स हळू म्हणाली. "लोक खिसे रिकामे करून चढतात हो. तुम्ही हे काय..."

"ताई, तुमच्या कोटाचं बटण लोंबतंय. पुढच्या गुरुवारी सुईदोरा घेऊन..."

तिने बटणाकडे पाहिलं.

"असू दे, मास्तर. सहा महिन्यांनी भेटू."

मग तिने बेकरीवाल्याला हाक मारली.

—

पाचवा गुरुवार. गटाची वेळ झाली तसं शिंप्याने दुकानाचं दार आतून लावलं, पँट उसवली, कमर दोन इंच आत घेतली. मशीनवर नाही. हातानेच, कच्च्या दोऱ्याने. वजन वाढलंच, तर एका ओढीत सुटेल अशी.