कानातला ठेका

दादाने सहा महिने घरात कुणाला सुखाने जेवू दिलं नाही. ताट समोर आलं की याची बोटं ताटाच्या कडेवर सुरू. बायको म्हणायची, एवढी मेहनत संसारावर केली असतीत तर सोनं झालं असतं. पण बँडची पहिली रेकॉर्ड निघणार होती, आणि वीस वर्षं ड्रम बडवलेल्या माणसाला एकच हवं होतं, त्या रेकॉर्डवर आपला हात ऐकू यावा. एवढंच हो, फार काही नाही.

बँड त्यानेच उभा केलेला. गाणारा त्याचा धाकटा भाऊ. त्याला मांडीवर थाप मारून ताल शिकवला तोही यानेच.

स्टुडिओत ड्रम पहिले, बाकीचे मागून, अशी रीत. सकाळीच दादा काचेच्या खोलीत बसला. हेडफोनमध्ये लय धरायला घड्याळासारखी टिकटिक आणि धाकट्याचा कच्चा आवाज, एवढंच यायला हवं. दोन गाणी झकास झाली. तिसऱ्याला रेकॉर्डिंगवाल्याकडून कुठलं बटण चुकून दाबलं गेलं कोण जाणे, दादाच्या कानात ड्रम वाजू लागले. आपलेच घुमताहेत असं त्याला वाटलं. खात्री करायला त्याने हात थांबवले.

ड्रम थांबले नाहीत.

काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाल्याची धांदल उडाली. गिटारवाला छताकडे बघू लागला, बेस गिटारवाल्याला एकदम बुटाची नाडी आठवली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. अंधारात होता तो एकटा दादा.

"कुणी वाजवलेत?" त्याने माइकमध्ये विचारलं.

धाकट्याने काचेपलीकडून सांगून टाकलं. बाहेरचा माणूस बोलावून मंगळवारीच सगळी गाणी वाजवून घेतली होती. दादाचा हात हल्ली पळतो, लय सोडून पुढे जातो, पण ते सांगायची हिंमत कुणाला झाली नाही. म्हणून मन राखायला आजचा हा देखावा.

दादाने तेच गाणं पुन्हा लावायला सांगितलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. वाईट हे की तो माणूस खरंच चांगला वाजवत होता. शिव्या घालायलाही जागा ठेवली नव्हती मेल्याने. भावाने तोंडावर सांगितलं असतं तर दादा चिडला असता, दोन दिवस बोलला नसता, आणि मग टिकटिक लावून पुन्हा रियाजाला बसला असता. पण सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता.

"रेकॉर्डवर नाव तुझंच राहील, दादा," धाकटा म्हणाला. "कुणाला कळणारही नाही."

"हात त्याचा आहे, नावही त्याचंच घाल," दादा हेडफोन काढत म्हणाला. "फसवायचं काम घरात एकाला येतं तेवढं पुरे."