किल्ली दारव्ह्याला

मुख्याध्यापक पंजाबरावांचा हिशोब साधा होता. येत्या उन्हाळ्यात निवृत्ती. तोवर शाळेच्या कपाटातलं काही हरवलं, फुटलं, मळलं नाही, तर चार्ज देताना नगास नग जुळेल आणि निरोपाच्या हाराबरोबर साहेबांच्या तोंडून दोन कौतुकाचे शब्द पदरात पडतील. म्हणून शाळेला मिळालेली प्रत्येक चांगली वस्तू ते कपाटात कोंडत आणि किल्ली खिशात घालून हिंडत.

शाळेत शिकणाऱ्या ममताच्या पोरीची, दीपाची, सुईही त्यांनी तशीच कोंडली. दीपाला मधमाशी डसली की घसा सुजून श्वास अडायचा. मागच्या खेपेला ती मरता मरता वाचली, तेव्हा डॉक्टरांनी औषधाची कुपी न् सुई दिली, मांडीत कशी टोचायची ते ममताला शिकवलं आणि बजावलं, उन्हात नेऊ नका, शाळेतच हाताशी ठेवा.

"हाताशी म्हंजे कुलपात नाही, गुरुजी."

"बाई, कोन्या पोट्ट्यानं फोडली त? कुलपात सुरक्षित हाये."

"सुई सुरक्षित हाये हो. पोरीचं काय?"

"तुमचं वावर त कुंपनालेच हाये. कायले भेता?"

वावर कुंपणालाच होतं, हे खरं. भाव पडला तरी बोंडं फुटायची थांबत नाहीत. एक दिवस ममता कापूस वेचत होती, तेव्हाच शाळेतून दीपाच्या वर्गाच्या कोकिळा मॅडमची हाक आली, "ममताताई, दीपाले माशी डसली!"

ममता धावत पोचली तेव्हा पोरीचे ओठ सुजले होते, श्वासाला शिट्टी लागली होती.

"किल्ली?"

"सरांच्या खिशात. सर मिटिंगला दारव्ह्याला." मॅडमनी फोन लावला. "सर म्हणतात, कुलूप तोडू नका, मी निघालोच."

"त्याईले म्हना, सावकाश या."

शाळेची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजवायची सळई ममतानं उचलली आणि कुलपावर घातली. दार उघडलं, सुई मांडीत गेली. शिट्टी हळूहळू थांबली. दवाखान्यात न्यायला जीप येईस्तोवर पोरं मात्र कपाटाकडे बघत उभी होती. आत प्लॅस्टिकातला फुटबॉल, कॅरम, चित्रांची पुस्तकं.

"आन् सर म्हनत, फुटबॉल आलाच नाही!" मागून कोणीतरी बोललं.

दीपा दवाखान्यातून घरी आल्यावर पंजाबरावांनी ममताला बोलावलं. "सरकारी कुलूप तोडलं. माफी लिहून द्या."

"काय लिहू? पोरगी गेली असती त कुलूप शाबूत राह्यलं असतं, हे लिहू?"

ती उठली आणि डॉक्टरांनी दिलेल्या नव्या सुईची पिशवी ऑफिसच्या दाराआड खिळ्याला टांगली. "इथून हलवली त पुढच्या टायमाले कपाटच मोडतो."

पिशवी कोणी हलवली नाही. फुटबॉलही परत आत गेला नाही.

आता या कुलपापायी कोणी काय भरलं ते बघा. दीपानं दवाखान्यातला मुक्काम. कोकिळा मॅडमनी कुलूप तोडू दिल्याची नोटीस. फुटबॉलनं आपली हवा, पुस्तकांनी कोपरे. पंजाबरावांचा चार्ज जुळला नाही. हार मिळाला, कौतुक राहिलं. ममताच्या नावावर एक माफी निघत होती. ती तिनं अजून भरलेली नाही.