परक्या बाईंचा फळा

माझ्या अंगावर आता रंग कमी आणि ओरखडे जास्त उरले आहेत. तरी जवळ या मित्रांनो, मी चावत नाही. मी एक जुना फळा आहे.

एका सुताराने तीन फळ्या जोडून मला घडवले. सांधे असे बेमालूम बसवले, की खडू त्यांवरून कधी अडखळला नाही. नदीकाठच्या शाळेत, पाचवीच्या वर्गात मला टांगले. तिथे वीस वर्षे मी पाढे, नकाशे आणि शुद्धलेखन अंगावर वागवले. रोज संध्याकाळी शाळेची मावशी ओल्या फडक्याने मला लख्ख पुसून काढी. मुख्याध्यापक म्हणत, "मावशी, तुमच्या फळ्यात तोंड दिसतं हो."

मग देशात यादवी पेटली. यादवी म्हणजे एकाच देशाची माणसे एकमेकांवर बंदुका रोखून उभी राहतात, ती लढाई. नदीच्या अलीकडे सरकारचे सैन्य, पलीकडे डोंगरातले बंडखोर. पूल बंद झाला, शाळाही बंद झाली. मावशीची लेक पलीकडे दिलेली होती. सहा वर्षे मायलेकींची भेट नव्हती. नातू झाल्याचेही मावशीला ऐकूनच कळले. रिकाम्या शाळेत ती रोज येई आणि मी कोरा असलो तरी मला पुसून जाई.

एके दिवशी दूरच्या देशातून एक बाई आल्या. पांढरे केस, खांद्याला पिशवी, आमची भाषा सावकाश, जपून बोलणाऱ्या. त्या निवृत्त न्यायाधीश होत्या. सगळे त्यांना 'परक्या बाई' म्हणू लागले. बारा दिवस बंदुका गप्प ठेवायला त्यांनी दोन्ही बाजूंना राजी केले होते. तेवढ्यात काही ठरले नाही, तर तेराव्या दिवशी पुन्हा लढाई. बोलणी आमच्या शाळेत ठरली. ती दोघांच्याही तोफांच्या टप्प्यात होती, म्हणून दोघांनाही चालली.

सरकारतर्फे एक मंत्री आले आणि बंडखोरांचा कमांडर आला. मुलांच्या बाकांवर बसताना दोघांचेही गुडघे हनुवटीला टेकले.

"बाई," कमांडर पहिल्याच दिवशी म्हणाला, "घरच्या भांडणात परक्यानं तोंड घालू नये."

"म्हणून तर मला बोलावलंत," बाई म्हणाल्या. "घरचं कुणी मध्ये पडलं असतं, तर तुम्ही आधी विचारलं असतं, तू कुणाचा?"

मंत्री हसले. आपण हसलो हे लक्षात येताच गप्प झाले.

बाईंनी माझ्या मधोमध रेघ ओढली. डावीकडे मंत्र्यांच्या मागण्या, उजवीकडे कमांडरच्या. नियम एकच. आपले वाक्य आपणच पुसायचे, दुसऱ्याच्या वाक्याला हात लावायचा नाही. बाई कुणालाही 'हे चूक' म्हणत नसत. "हे का हवंय?" एवढेच विचारत आणि उत्तर संपेपर्यंत ऐकत. इतके ऐकून घेणारे माणूस मी वीस वर्षांच्या शाळेतही पाहिले नव्हते.

दहा दिवसांत वीस मागण्या माझ्यावर चढल्या. पुसल्या गेल्या फक्त दोन. रोज निघताना बाई वर्गाला कुलूप लावत. दहाव्या दिवशी थकव्याने विसरल्या. आणि अकराव्या सकाळी दार उघडले, तेव्हा मी कोरा करकरीत होतो.

मावशी फडके हातात घेऊन दारात उभी होती.

"कुणाच्या सांगण्यावरून पुसलंस?" मंत्र्यांनी बोट रोखले. "हिची लेक पलीकडे आहे, ठाऊक आहे आम्हाला."

"आमच्या गळ्यात कशाला घालता?" कमांडर उसळला. "राहते तुमच्याकडे, नोकरी तुमची."

"कुणीच नाही सांगितलं, साहेब," मावशी म्हणाली. "भरलेला फळा दिसला की हात थांबत नाही माझा."

दोन्हीकडचे पहारेकरी उठून उभे राहिले. मावशी भिंतीला टेकली. आता पूल उघडत नाही, लेक दिसत नाही, आणि तेही आपल्याच हाताने, हे तिच्या तोंडावर मला स्वच्छ वाचता आले.

बाई शांतपणे पुढे आल्या. "चूक माझी. कुलूप मी लावलं नाही. माझ्या वहीत सगळं उतरवलेलं आहे, पण वही नंतर. मंत्रीसाहेब, यांचं पहिलं म्हणणं काय होतं? तुम्ही लिहा."

मंत्र्यांनी चिडून खडू उचलला. "धरणात बुडालेल्या चार गावांना जमीन," ते लिहू लागले.

"पाच," कमांडर म्हणाला.

"पाचवं टेकाडामागचं, सोळा घरांचं. लिहितोय ना, जरा दम धरा."

कमांडर पाहतच राहिला. ते सोळा घरांचे गाव त्याचे स्वतःचे होते.

मग खडू त्याच्याकडे आला. त्याने लिहिले, 'निवडणुकीआधी सर्व शस्त्रे जमा'.

"हे त्यांना का हवंय?" बाईंनी विचारले.

तो माझ्याकडेच तोंड करून बोलला. "मागच्या निवडणुकीत आमच्या पोरांनी मतपेट्या पेटवल्या. त्या आगीत यांचा पुतण्या गेला."

मंत्र्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. बोलायची हिंमत नव्हती."

दुपारपर्यंत तेरा मागण्या पुन्हा लिहून झाल्या. उरलेल्या पाच मागण्या बाईंनी वहीतून वाचल्या. ज्याच्या होत्या त्यानेच प्रत्येक वेळी म्हटले, "राहू द्या, नका लिहू."

लगेच तह झाला असे मात्र समजू नका. बंदुका आणखी तीस दिवस गप्प राहिल्या, मग आणखी साठ. करार झाला तो सात महिन्यांनी, राजधानीत, गुळगुळीत टेबलावर. सह्या होताना बाई मागच्या रांगेत उभ्या होत्या म्हणे. पुढे तीन वर्षे त्या दर वर्षी येत आणि कबूल केलेली जमीन खरोखर मोजून दिली का, हे गावोगाव पायी फिरून पाहत. मला त्यांचे सर्वांत जास्त कौतुक याचेच वाटते.

पूल उघडला त्या दिवशी मावशीची लेक चार वर्षांच्या मुलाचे बोट धरून शाळेत आली. मावशीने आधी नातवाचे धुळीचे तोंड पुसले, मग त्याला पोटाशी धरले.

आता वर्गात पांढरा फळा आला आहे आणि मी मोडक्या बाकांमागे अडगळीत आहे. तक्रार नाही. सांगायचे आहे ते एवढेच, मित्रांनो. तुमच्या वर्गात दोन गट भांडत असतील आणि तुम्ही कोणत्याच गटात नसाल, तर 'आपल्याला काय त्याचं' म्हणून पाठ फिरवू नका. कोणाचाच नसलेला माणूस दोघांचेही ऐकू शकतो. हे त्याचे बळ आहे. ते वाया घालवू नका.

आणि सुट्टीत कुणी रिकामे असेल, तर मला काळ्या रंगाचा एक हात द्या. अजून पुष्कळ लिहून व्हायचे आहे.