अस्वल कुठं राहतं

“अस्वल कपाशीत काऊन येईन बाई? ते राह्यते डोंगरात, कपारीत. अठी काय खाईन, सरकी?”

पुंजाजी वावराच्या कडेला धुऱ्यावर उभा राहून वेचणीला आलेल्या बायांची समजूत घालत होता. मोताळ्याच्या पुढे, ज्ञानगंगेच्या जंगलाला लागून त्याचं वावर. बीटी कपाशीला यंदाही बोंडअळी लागली होती. जो काही कापूस फुटला होता, तो लवकर वेचला नाही तर मातीत जाणार होता. पण कोणीतरी या बाजूला अस्वल पाहिलं आणि बाया वावरात पाऊल टाकेनात. पुंजाजीनं उभ्या आयुष्यात दोनच कामं मन लावून केली, शेती आणि बोलणं. त्यातलं दुसरं जास्त पिकायचं.

“तुमी पाह्यलं का त्याचं घर?” सुभद्राबाईनं विचारलं.

“लहानपणापासून पाहून राह्यलो! त्याले गारवा लागते, वारूळ लागते, नाल्याचं पाणी लागते. उन्हात कायले मरायले येईन ते?”

बायांना पटलं. त्यांनी कापसासाठी कमरेला ओट्या बांधल्या. त्यांना धीर यावा म्हणून पुंजाजी पुढे झाला. पलीकडच्या धुऱ्यावर बोर पिकली होती, तिच्याखाली काळं काहीतरी बसलेलं दिसलं. शेजारच्या उकंडरावाची म्हैस सुटली असेल म्हणून त्यानं “हैक्!” करून ढेकूळ मारलं.

म्हैस मागच्या दोन पायांवर उभी राहिली.

भान आलं तेव्हा पुंजाजी जवळच्या निंबावर होता आणि बाया सडकेवर. अस्वलाला झाडावर चढता येतं, हे त्याला वर गेल्यावर आठवलं. अस्वल मात्र पुन्हा खाली पडलेली बोरं वेचण्यात दंग झालं होतं. हात मोठा सफाईदार होता.

“जनके!”

त्याची बायको जनकाबाई तेवढी पळाली नव्हती. “मी अठीच हाव,” ती दुरून म्हणाली. “हलू नका.”

“कोणाले तरी बोलाव वं!”

“तुमी तोंड बंद ठेवा. तेवढं जमन का?”

जमलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

बोरं संपली तसं अस्वल डुलत डुलत नाल्यात उतरलं. पुंजाजी खाली आला. आता बाया कशाच्या येतात, असं म्हणून तो मान खाली घालून बसला. तेवढ्यात सुभद्राबाई सडकेवरून ओरडली, “भाऊ, तुमी झाडावर बसत असान तं आमी येतो! ते कुठी हाये ते तरी समजन!”

दुसऱ्या दिवसापासून पुंजाजी पत्र्याचा डबा घेऊन निंबावर बसू लागला. येणारेजाणारे हसत. तोही हसायचा. वरून सगळं वावर दिसत होतं. सडकेकडे पांढरं, आणि मधोमध न उमललेल्या काळ्या बोंडांचा भला मोठा पट्टा. खालून तो एवढा वाटला नव्हता. पुंजाजी अधूनमधून डबा वाजवत राहिला.

दुपारी बाया जेवायला बसल्या. पुंजाजीनं वरच भाकरीचं फडकं सोडलं, पण नजर नाल्यावरून हलेना, घास तसाच हातात. जनकाबाईनं ते पाहिलं. आपली भाकरी घेऊन ती उठली आणि बायांपासून लांब, नाल्याकडे तोंड करून बसली.

“खाऊन घ्या आता,” मागे न पाहता ती म्हणाली. “मी पाहून राह्यली.”